खाटेमागचे दोन हजार चौरस फूट

आपल्याकडे रुग्णालय मोजायचे माप एकच, खाट. मंत्री येतात, कुदळ मारतात, नारळ फोडतात आणि 'पाचशे खाटांचे सुसज्ज रुग्णालय' जाहीर होते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या मथळ्यात तोच आकडा असतो. विरोधक उठतात आणि म्हणतात, पाचशे कशाला, हजार हव्यात. म्हणजे वादही खाटांवरच. खाट ही तशी किरकोळ वस्तू आहे. लोखंडी सांगाडा, गादी, डोक्याशी सलाइनचा स्टँड, पायाशी केसपेपर लटकवायची पट्टी. मग रुग्णालय बांधायला शेकडो आणि कधी हजारो कोटी का लागतात? आणि शेजारचा पन्नास मजली टॉवर उभा राहून रंगसुद्धा उडायला लागला, तरी रुग्णालयाच्या विस्ताराचे काम का रेंगाळलेले असते?

एकाच विस्तारित रुग्णालयाचे आकडे मांडून पाहू. हिशेब साधा भागाकार-गुणाकाराचा आहे, उत्तरे मात्र साधी नाहीत.

कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो गावाला लागून स्टॅनफर्ड विद्यापीठाचे रुग्णालय आहे. जुनी इमारत १९५९ सालची. ती अपुरी पडू लागली, शिवाय भूकंपाच्या नव्या कायद्यात बसेना, म्हणून शेजारी नवी इमारत बांधायचे ठरले. नगरपालिकेची मंजुरी २०११ मध्ये मिळाली, २०१३ मध्ये खोदाई सुरू झाली आणि १७ नोव्हेंबर २०१९ रोजी नवे रुग्णालय रुग्णांसाठी उघडले. वास्तुरचनाकार राफाएल विन्योली. सात मजले, ८,२४,००० चौरस फूट क्षेत्रफळ, २० शस्त्रक्रियागृहे, ३६८ खोल्या आणि प्रत्येक खोलीत एकच रुग्ण. खर्च सुमारे २०० कोटी डॉलर, त्या वेळच्या दराने १४,००० कोटी रुपये.

आता भागाकार. ८,२४,००० ला ३६८ ने भागले की २,२३९ येतात. म्हणजे एका खाटेमागे २,२३९ चौरस फूट बांधकाम. खर्चाचा भागाकार केला तर एका खाटेमागे साधारण ३८ कोटी रुपये. सगळे मजले जमिनीवर शेजारी शेजारी पसरले तर १९ एकर भरतील. रुग्णाची खोली, तिचे स्नानगृह आणि नातेवाइकाला झोपायची जागा असे सगळे ऐसपैस धरले तरी साडेतीनशे चौरस फुटांच्या वर जात नाही. मग उरलेले १,९०० चौरस फूट गेले कुठे?

त्याआधी दुसऱ्या टोकाचे एक उदाहरण घेऊ. जानेवारी २०२० मध्ये चीनमधल्या वुहान शहरात हुओशेनशान रुग्णालय बांधले गेले. २३ जानेवारीला निर्णय झाला, २ फेब्रुवारीला इमारत सुपूर्द झाली आणि ४ फेब्रुवारीला रुग्ण येऊ लागले. खाटा १,०००, क्षेत्रफळ सुमारे ३४,००० चौरस मीटर, म्हणजे खाटेमागे जेमतेम ३६६ चौरस फूट. हजारो कामगार रात्रंदिवस राबत होते आणि बुलडोझरचे थेट प्रक्षेपण जगभरचे लोक घरात बसून पाहत होते. २००३ च्या सार्स साथीत बेजिंगजवळ शाओतांगशान येथे सात दिवसांत बांधलेल्या रुग्णालयाचा आराखडा हाताशी होता, खोल्या कारखान्यात तयार होऊन येत होत्या. आपणही मे २०२० मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात हजार खाटांचे केंद्र उभारले आणि त्याच ऑगस्टमध्ये पुण्यात सीओईपीच्या मैदानावर ८०० खाटांचे जम्बो रुग्णालय झाले.

म्हणजे हजार खाटांना एका ठिकाणी दहा दिवस पुरतात आणि दुसरीकडे ३६८ खाटांना सहा वर्षे लागतात. अमेरिकन लोक आळशी आणि चिनी लोक कामसू, असा निष्कर्ष कट्ट्यावर ठीक आहे. खरे कारण असे की दोन्हीकडची खाट एक नव्हे. वुहानची खाट एका रोगासाठी आणि एका साथीपुरती होती. एप्रिलच्या मध्याला ते रुग्णालय बंदही झाले. स्टॅनफर्डच्या खाटेने पुढची कित्येक दशके, कोणत्याही रोगात, कोणत्याही तासाला आणि भूकंप चालू असतानासुद्धा काम करायचे आहे. फरकाचे सुमारे १,८७० चौरस फूट त्या हमीचे आहेत.

सुरुवात तळघरापासून करू, कारण सगळ्यात थक्क करणारा आकडा तिथेच आहे.

९ फेब्रुवारी १९७१ रोजी सकाळी सहाच्या सुमारास लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, सान फर्नांडो खोऱ्यात, ६.६ तीव्रतेचा भूकंप झाला. सिल्मार इथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयाच्या १९२० च्या दशकातल्या इमारती कोसळल्या. त्या भूकंपात ६० हून अधिक माणसे गेली, त्यांतली चाळीसहून अधिक या एका रुग्णालयात. जवळच ऑलिव्ह व्ह्यू नावाचे कोरे करकरीत रुग्णालय होते. त्याचे जिन्यांचे मनोरे मुख्य इमारतीपासून सुटून बाहेरच्या बाजूला आडवे झाले आणि इमारत पाडावी लागली. भूकंपात ज्या जागेची सर्वात जास्त गरज, तीच आधी पडली. कॅलिफोर्नियाने १९७३ मध्ये रुग्णालयांसाठी वेगळा भूकंप-सुरक्षा कायदा केला.

गोष्ट इथे संपली नाही. ऑलिव्ह व्ह्यू पुन्हा बांधले गेले, या वेळी चांगले दणकट. १७ जानेवारी १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात त्याच्या छतावरच्या यंत्राने २.३ जी इतके त्वरण नोंदवले, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सव्वादोन पटींहून जास्त धक्का. इमारतीच्या सांगाड्याला काही झाले नाही. पण पाण्याचे नळ तुटले, मजल्यांवर पाणी साचले आणि उभ्या असलेल्या इमारतीतून रुग्ण बाहेर काढावे लागले. इमारत वाचली, रुग्णालय गेले. त्याच वर्षी कायदा आणखी कडक झाला. २०३० पर्यंत राज्यातली सगळी तातडीची रुग्णालये भूकंपानंतरही चालू राहण्याजोगी हवीत, आणि ७२ तास पुरेल इतके पाणी, इंधन व सांडपाण्याची सोय आवारातच हवी.

हे सगळे कसे साधायचे? १९९४ च्या त्याच भूकंपाने उत्तरही दाखवले. लॉस एंजेलिसमधले यूएससी विद्यापीठाचे आठ मजली रुग्णालय १४९ रबरी आधारांवर उभे होते. बाहेर जमिनीवर ०.४९ जी धक्का बसला, आत तळमजल्यावर पोहोचला तो ०.१३ जीच्या आसपास. साधारण किलोमीटरभरावरच्या जुन्या सरकारी रुग्णालयाचे मोठे नुकसान झाले, इथे काम चालू राहिले.

स्टॅनफर्डची नवी इमारत अशाच, पण वेगळ्या जातीच्या २०६ आधारांवर उभी आहे. खांब खाली येतो आणि पायाला चिकटण्याआधी थांबतो. मध्ये पोलादी खोलगट तबकड्यांची जोडी असते, एक खाली उताणी आणि एक वर पालथी. त्यांच्यामध्ये सरकणारा गुळगुळीत पोलादी ठोकळा. जमीन हलली की ठोकळा तबकडीच्या उतारावर चढतो आणि इमारतीच्याच वजनाने परत मध्यावर येतो, उथळ कढईत सोडलेल्या गोटीसारखा. वरचे सात मजले एरवी साधारण सेकंदाला एक हेलकावा घेतील, ते आता तीन-चार सेकंदांना एक असे संथ डोलतात. भूकंपाचे जोरदार हिसके फार जलद असतात. इमारतीचा ताल त्यांच्याशी जुळलाच नाही, तर हिसका वर चढत नाही. इथे भौतिकशास्त्राचा एक जुना नियम कामी येतो. लंबकाचा आवर्तकाल वजनावर ठरत नाही. तबकडीची वक्रता किती यावर तो ठरतो, त्यामुळे उद्या वर जड यंत्रे आणली तरी ताल बिघडत नाही.

आता पुन्हा भागाकार करा. ८,२४,००० ला २०६ ने भागले की बरोबर ४,००० येतात, बाकी शून्य. प्रत्येक आधाराच्या वाट्याला सरासरी ४,००० चौरस फूट मजला. काँक्रीट, पोलाद, भिंती, यंत्रे आणि माणसे मिळून दर चौरस फुटाला ६० किलो वजन धरले, तर एका आधारावर २४० टन होतात. असे २०६. हा डोलारा कोणत्याही दिशेला तीन फुटांपर्यंत सरकू शकतो.

तीन फूट म्हणायला सोपे आहे. पण इमारत तीन फूट सरकणार, तर तिच्या चारही बाजूंना तेवढा मोकळा चर हवा. लोक त्यावरून चालणार, स्ट्रेचर जाणार, म्हणून चरावर सरकणारी झाकणे हवीत. पाणी, सांडपाणी, ऑक्सिजन आणि विजेच्या ज्या नळ्या-तारा जमिनीतून इमारतीत शिरतात, त्या प्रत्येकीला ती सीमा ओलांडताना तीन फूट ताणता-वळता येईल असा लवचीक जोड हवा. लिफ्टचा खड्डा जमिनीत नेहमीसारखा रोवता येत नाही, तो इमारतीला लटकवावा लागतो. जुन्या रुग्णालयाला जोडणारा पूल आणि भुयारी मार्ग दोन वेगळ्या तालांत हलणाऱ्या इमारतींच्या मध्ये तगला पाहिजे. यांतल्या एकाही गोष्टीने खाटांच्या संख्येत एकाचीही भर पडत नाही.

भूकंपाचे हे प्रकरण परक्या मुलखाचे वाटत असेल तर ११ डिसेंबर १९६७ चे कोयनानगर आणि ३० सप्टेंबर १९९३ चे किल्लारी आठवा. २६ जानेवारी २००१ रोजी भुजचे जिल्हा रुग्णालय आतल्या रुग्णांसह कोसळले, आणि जखमींवर उघड्यावर उपचार करावे लागले. त्या जागी उभे राहिलेले नवे रुग्णालय अशाच विलग आधारांवर बांधले गेले आहे. तेव्हा हे तंत्र भारतात नवे नाही, महाग असल्याने दुर्मीळ आहे एवढेच.

तळघरातून वर येऊ. तिथले बांधकाम डोळ्यांना दिसते, पण रुग्णालयातले एक मोठे वजन दिसतच नाही, कारण ते हवेचे आहे.

शस्त्रक्रियागृहातली हवा तासाला किमान २० वेळा बदलली पाहिजे, असा मान्य दंडक आहे. भारतातही मान्यताप्राप्त रुग्णालयांना तोच लागू होतो. सहाशे चौरस फुटांची आणि दहा फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात ६,००० घनफूट हवा मावते. वीस वेळा बदलायची म्हणजे तासाला १,२०,००० घनफूट. हवेला वजन असते हे आपण शाळेत शिकून विसरलेलो असतो. घनमीटरला १.२ किलो धरले तर ही हवा चार टनांच्या पुढे जाते. दर तासाला चार टन हवा आत ओढायची, गाळायची, गार करायची, तिचा दमटपणा ठरावीक पातळीवर आणायचा आणि रुग्णाच्या अंगावर अलगद सोडायची. चोवीस तास पूर्ण वेगाने चालवले तर एका शस्त्रक्रियागृहातून दिवसाला सुमारे ९८ टन हवा जाते. माणूस दिवसभरात साधारण १३ किलो हवा श्वासातून घेतो, म्हणजे ही साडेसात हजार माणसांची हवा झाली. अशी वीस शस्त्रक्रियागृहे असली की दिवसाला जवळजवळ २,००० टन.

ती गाळणारी हेपा चाळणी ०.३ मायक्रॉनच्या दर १०,००० कणांमधले फार तर तीन पलीकडे जाऊ देते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. इतक्या बारीक चाळणीतून टनावारी हवा ढकलायची तर पंखे दांडगे लागतात. पंखे दांडगे म्हणजे वीज जास्त, आवाज जास्त, हादरे जास्त. शिवाय हवेचे पत्र्याचे नळ एवढे जाड की छताच्या वर माणूस ओणवा चालू शकेल इतकी पोकळी सोडावी लागते. घर बांधताना दोन मजल्यांत दहा फूट अंतर पुरते. रुग्णालयात पंधरा-सोळा फूट ठेवावे लागते. त्यामुळे बाहेरून सात मजली दिसणारी इमारत उंचीने दहा मजली निघते. पालो आल्टोत ५० फुटांहून उंच बांधकाम सहसा होऊ देत नाहीत. रुग्णालयासाठी तिथे नियमाला वेगळी मुभा द्यावी लागली ती उगाच नव्हे.

मोठ्या आकड्यांच्या या गर्दीत एक अगदी लहान आकडा आहे, २.५ पास्कल. क्षयरोग किंवा गोवरसारख्या हवेतून पसरणाऱ्या रोगाचा रुग्ण ज्या खोलीत ठेवतात, तिथला दाब बाहेरच्या बोळापेक्षा किमान एवढा कमी हवा, म्हणजे दार उघडले तरी हवा आत शिरेल, बाहेर येणार नाही. अडीच पास्कल म्हणजे पाव मिलिमीटर जाडीच्या पाण्याच्या थराचा दाब. वातावरणाच्या दाबाचा चाळीस हजारावा भाग. दाराखालची फट थोडी रुंद झाली, छतातली एक टाइल सरकली, कोणी दार अडकवून ठेवले की हा फरक नाहीसा होतो. कोट्यवधींची यंत्रणा बसवून शेवटी सुताराने दाराची चौकट किती नीट बसवली यावर शेजारच्या खोलीतल्या माणसाची फुप्फुसे अवलंबून राहतात.

हवेनंतर ऑक्सिजन. २०२१ च्या एप्रिलनंतर या विषयाची ओळख महाराष्ट्रातल्या कोणत्याही घराला करून द्यायला नको. पण हिशेब फारसा कोणी मांडून दाखवला नाही. अत्यवस्थ रुग्णाला नाकातून जोरदार प्रवाहाने ऑक्सिजन देतात, तेव्हा तो मिनिटाला ६० लिटरपर्यंत जातो. दिवसाला ८६,४०० लिटर. आपण खांद्यावर, रिक्षात, टेम्पोत वाहून नेताना पाहिले ते मोठे जम्बो सिलिंडर सुमारे ७,००० लिटर वायूचे. एका रुग्णाला दिवसाला बारा सिलिंडर संपतात, दोन तासांना एक. असे पन्नास रुग्ण असले तर दिवसाला सहाशेच्या वर सिलिंडर उतरवायचे, जोडायचे, काढायचे आणि परत पाठवायचे.

म्हणूनच आवारात द्रवरूप ऑक्सिजनची उभी टाकी लागते. एक लिटर द्रवाचा सुमारे ८६० लिटर वायू होतो, म्हणजे त्या रुग्णाची दिवसाची गरज शंभर लिटर द्रवात भागते. पण टाकी आली की तिच्यासाठी भक्कम चौथरा, टँकर वळेल एवढा रस्ता, आगीच्या धोक्यापासून राखलेले अंतर, बाष्पीभवनाची यंत्रणा, प्रत्येक मजल्यावर दाब दाखवणारे फलक आणि बंद करायचे खटके आले. एवढे करूनही ती टाकी बिघडली तर दुसरी वाट तयार हवी. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकीतून गळती झाली, नळ्यांतला दाब उतरला आणि वीसहून अधिक रुग्ण गेले. खाटा जागच्या जागी होत्या.

पाण्याचेही तसेच. शंभराहून जास्त खाटांच्या रुग्णालयाला दर खाटेमागे रोज ४५० लिटर पाणी धरावे, असे भारतीय मानक सांगते. कॅलिफोर्नियासारखा ७२ तासांचा साठा पाचशे खाटांच्या रुग्णालयात ठेवायचा म्हटला तर पावणेसात लाख लिटर झाले. दहा हजार लिटरचे ६८ टँकर. वीज गेली तर अत्यावश्यक विभागांचा पुरवठा दहा सेकंदांत परत आला पाहिजे, हा अमेरिकेतला दंडक. म्हणजे जनरेटर नुसता असून भागत नाही. दहा सेकंदांत सुरू होऊन पूर्ण भार उचलेल अशा अवस्थेत तो कायम गरम ठेवावा लागतो, आणि दर महिन्याला चालवून पाहावा लागतो.

भिंतीच्या आत आणखी एक रस्ता असतो. त्याची माहिती रुग्णाला कधीच होत नाही. स्टॅनफर्डच्या जुन्या रुग्णालयात २०१० च्या सुमारास हवेच्या दाबावर चालणाऱ्या नळ्यांचे साडेसहा किलोमीटरचे जाळे होते, त्यावर १२४ थांबे आणि हवा फुंकणारे २९ पंखे. परिचारिका रक्ताची नळी फूटभर लांबीच्या डबीत ठेवते, डबी भिंतीतल्या तोंडात सारते, थांब्याचा क्रमांक दाबते आणि वळते. फुस्स असा आवाज होतो. डबी सेकंदाला २५ फूट वेगाने छतातून, बोळांवरून, मजले उतरत प्रयोगशाळेत जाऊन पडते. दिवसाला अशा ७,००० फेऱ्या, सरासरी बारा सेकंदांना एक. हे तंत्र एकोणिसाव्या शतकातले. ते नसेल तर त्या सात हजार फेऱ्या माणसांनी पायी कराव्या लागतील. आपल्याकडे त्या बहुतेक वेळा मामा, मावशी आणि रुग्णाचे नातेवाईक करतात. हातात नमुन्याची बाटली घेऊन 'लॅब कुठे आहे हो?' असे विचारत फिरणारा माणूस हीच आपली नळी.

आता असा आकडा, ज्यात खाटांचा वाटा शून्य आहे. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियल सेंटरची अॅक्ट्रेक ही संस्था ६० एकरांवर पसरली आहे. तिच्या विस्तारात प्रोटॉन किरणोपचाराची सुविधा उभी राहिली आणि ११ मे २०२३ रोजी ती राष्ट्राला अर्पण झाली. देशातल्या सरकारी क्षेत्रातली ही पहिलीच. त्यासाठी प्रोटॉनला वेग देणारे चक्राकार यंत्र, सायक्लोट्रॉन, लागते. या जातीच्या यंत्राचे वजन सुमारे २२० टन आणि व्यास चार मीटरच्या वर असतो. त्यातून बाहेर पडणारे प्रोटॉन प्रकाशाच्या वेगाच्या जवळजवळ साठ टक्के वेगाने धावतात. तिथून किरण उपचाराच्या खोलीत येतो, आणि तिथे रुग्णाभोवती फिरणारी पोलादी गॅन्ट्री कित्येक मजली उंच आणि शंभर टनांच्या आसपास वजनाची. ती अख्खी फिरते आणि तरी किरणाचा नेम मिलिमीटरपर्यंत राखावा लागतो. आजूबाजूच्या काँक्रीटच्या भिंती मीटर-मीटरच्या हिशेबात जाड असतात. असे यंत्र दारातून आत नेता येत नाही. छप्पर उघडे ठेवून क्रेनने खाली सोडतात आणि मग वरून बंद करतात. आधी यंत्र, मग इमारत पुरी. आणि रुग्ण उपचार घेऊन त्याच दिवशी घरी जातो. खाट एकही लागत नाही.

या सगळ्यात वेळ का लागतो, तेही आता उघड आहे. पण 'विस्तार' म्हटला की त्यात आणखी एक भानगड येते. रिकाम्या मैदानावर बांधणे आणि चालत्या रुग्णालयाच्या कुशीत बांधणे यांत फार अंतर आहे. जुनी भिंत फोडली की धूळ उडते. धुळीत अॅस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू असतात, दोन-तीन मायक्रॉनचे, तासन्तास तरंगत राहणारे. धडधाकट माणूस ते रोज श्वासात घेतो आणि त्याला काही होत नाही. पण अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाला तीच बुरशी जिवावर बेतते. म्हणून तोडकाम सुरू होण्याआधी जंतुसंसर्ग नियंत्रणाचे डॉक्टर आणि साइट इंजिनिअर एका टेबलाशी बसतात. कोणत्या भिंतीमागे कोणता विभाग आहे ते पाहतात, मग हवाबंद पडदे लागतात, कामाच्या जागेत दाब कमी ठेवतात, राडारोडा झाकलेल्या ढकलगाडीतून ठरलेल्या लिफ्टने ठरलेल्या वेळेलाच उतरतो. मेंदूची शस्त्रक्रिया चालू असताना शेजारी ड्रिल मारता येत नाही. जुनी पाण्याची वाहिनी नव्याला जोडायची तर मध्यरात्रीचे काही तास मिळतात, तेही सगळ्या विभागांनी होकार दिल्यावर. बिल्डर जे काम एका आठवड्यात करील, त्याला इथे महिना लागतो, आणि तो महिना वाया गेलेला नसतो.

आगीचेही गणित वेगळे. सिनेमागृहाला आग लागली तर लोक बाहेर पळतात. अतिदक्षता विभागातला रुग्ण पळू शकत नाही. त्यामुळे रुग्णालयात माणसे बाहेर काढण्याऐवजी त्याच मजल्यावर धुराबंद दारापलीकडच्या भागात सरकवायची असतात. अमेरिकेत असा एक धूर-कप्पा २२,५०० चौरस फुटांहून मोठा नसावा, असा दीर्घकाळ नियम होता. त्या मापाने स्टॅनफर्डच्या नव्या इमारतीचे किमान ३७ कप्पे पडतील, प्रत्येकाला आगरोधक भिंती, आपोआप मिटणारी दारे आणि हवेच्या नळात झडपा. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या विभागाला आग लागली आणि दहा बाळे दगावली. त्या विभागाचीही नोंद सरकारदरबारी खाटांच्या आकड्यातच होती.

कोणी म्हणेल, ३८ कोटींची खाट अमेरिकेला परवडते, आपल्याला नाही. बरोबर आहे. ती आपल्याला नकोही आहे. परळच्या केईएम रुग्णालयात, त्यांच्याच माहितीनुसार, वर्षाला सुमारे १८ लाख बाह्यरुग्ण येतात. कामाचे तीनशे दिवस धरले तर रोज सहा हजार, आणि प्रत्येकासोबत एक नातेवाईक धरला तर बारा हजार माणसे. त्यांतली बहुतेक खाटेवर झोपतच नाहीत. त्यांना बसायला बाक, प्यायला पाणी, वापरण्याजोगे स्वच्छतागृह आणि वाट सांगणारा फलक लागतो. शेजारचे टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले ते ८० खाटा आणि १५,००० चौरस मीटर जागेवर, म्हणजे खाटेमागे दोन हजार चौरस फुटांच्या वर. ऐंशीहून जास्त वर्षांपूर्वी परळमध्ये ज्यांनी ते बांधले, त्यांना खाटेमागे काय लागते ते ठाऊक होते. पुढे खाटा सहाशेच्या वर गेल्या आणि जागा ७०,००० चौरस मीटरच्या आसपास. खाटा साडेसात पट वाढल्या, जागा पाच पटींहूनही कमी. ही परळपुरती अडचण नाही, राज्यभर जुन्या रुग्णालयांत हेच झाले आहे. वॉर्डात दोन खाटांच्या मध्ये तिसरी सरकवली, बोळात गाद्या घातल्या आणि विस्तार झाला असे म्हटले.

आधार, चर, हवेचे नळ, टाक्या आणि धुराची दारे यांचे उद्घाटन होत नाही, त्यांच्यासमोर फीत कापता येत नाही. त्यामुळे खर्च कापायची वेळ आली की पहिली कात्री तिथे लागते आणि खाटांचा आकडा शाबूत राहतो. कागदावर रुग्णालय तेवढेच दिसते, प्रत्यक्षात ते पोकळ झालेले असते.

तेव्हा तुमच्या तालुक्यात किंवा शहरात पुढच्या वेळी नव्या रुग्णालयाची किंवा विस्ताराची घोषणा होईल, तेव्हा खाटा किती हे विचारू नका, ते तुम्हाला न विचारता सांगितले जाईल. चार प्रश्न विचारा. वीज गेली तर किती सेकंदांत परत येईल आणि किती तास टिकेल? ऑक्सिजनची दुसरी वाट कोणती? शस्त्रक्रियागृहाची हवा तासाला किती वेळा बदलते आणि ती शेवटची कधी मोजली? आग लागली तर न चालता येणारा रुग्ण कोणत्या दारापलीकडे न्यायचा? माहितीच्या अधिकारात हे लेखी मागता येते, अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे.